कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

आपल्या समाजाच्या ह्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र द्यावे, असा आमचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी आम्ही कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर ह्यांची निवड केली आहे. बाबूरावांचे सारे कर्तृत्व पंचगंगेच्या काठी कोल्हापुरास घडले आणि आपण जालना जिल्ह्याची मंडळी दुधना-पूर्णेच्या खोऱ्यातली. तेव्हा इतक्या दूरच्या पुरुषाचे चरित्र येथे कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. परंतु ज्या घरांत वाकस, पटाशी, रंधा, ऐरण आणि भाता ह्यांची पिढ्यान्‌पिढ्या पूजा झाली, त्या घरांस हे चरित्र परके वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

ह्या निवडीस निमित्त घडले ते एका लहानशा प्रसंगाचे. आपल्या एका सभासदाने आजोबांच्या हत्यारांची पेटी भंगारात दिली. जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याच्या सळया होतात, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या पटाश्या आणि किंकरीही आज कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये विसावल्या असतील. समाजाच्या बैठकीत ही गोष्ट निघाली, तेव्हा दोन पक्ष झाले. कोणी म्हणाले, मुले शिकून नोकरीस लागली, आता त्या पेटीचे करावयाचे काय? कोणी हळहळले. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. कारण दोन्ही बाजूंत तथ्य होते. मात्र घरी परतताना बाबूरावांची आठवण आम्हांस झाली. वादाचा निकाल त्यांच्या चरित्रात सापडेल असे आम्ही म्हणत नाही. पण त्यावर प्रकाश पडेल, इतके निश्चित.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. वडील कृष्णराव हे नामांकित कारागीर. सुतारकाम आणि लोहारकाम ह्यांबरोबरच मूर्तिकाम व हस्तिदंतावरील कोरीव काम ह्यांतही त्यांचा हात चालत असे. अशा घरातील मुलास खेळणी विकत आणावी लागत नाहीत. लाकडाचा ढलपा, धातूचा तुकडा आणि वडिलांच्या हाताखाली गेलेला दिवस हेच त्याचे शिक्षण असते. चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयाची पायरी न चढता बाबूराव पाश्चात्त्य पद्धतीची यथातथ्य चित्रे काढू लागले आणि मूर्ती घडवू लागले. नात्यातील बंधू आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघांच्या कुंचल्याची कीर्ती एवढी झाली, की कोल्हापूरकरांनी त्यांचे मिस्त्री हे उपनाव बाजूला सारून त्यांस पेंटर असेच म्हणावयास सुरुवात केली. धंद्यावरून आडनाव पडणे आपल्या समाजास नवे नाही. परंतु स्वतःच्या गुणाने नवे आडनाव मिळविणारे विरळा.

तो काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा होता. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर ही कलावंतांची पेठ बनली होती. नाटकाच्या पडद्यांवर राजवाडे, उपवने, नदीतीर व अरण्ये रंगवून घेण्यासाठी मंडळ्यांची अहमहमिका चाले. सुमारे १९१० ते १९१६ ह्या काळात मराठी संगीत मंडळ्या आणि पारशी-गुजराती नाटक कंपन्या ह्यांच्यासाठी पडदे रंगविणाऱ्यांत ह्या बंधुद्वयाची गणना अग्रभागी होत असे. सपाट कापडावर खोलीचा आणि अंतराचा आभास निर्माण करावयाचा, दिव्याच्या उजेडात कोणता रंग मरतो व कोणता उठतो हे ओळखावयाचे, प्रेक्षकाची दृष्टी कोठे जाईल हे आधी ठरवावयाचे, ही सर्व विद्या बाबूराव रंगभूमीच्या मागील बाजूस उभे राहून शिकले. पुढे ते चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून नावारूपास आले, त्याचा पाया येथे घातला गेला.

१९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रकाशित झाला. तो पाहून देशातील अनेक तरुण भारावले. बाबूराव आणि आनंदराव हे त्यांपैकीच. आपणही चित्रपट काढावा असे त्यांच्या मनाने घेतले. पण त्यासाठी कॅमेरा हवा. दादासाहेबांनी आपला कॅमेरा विलायतेहून आणला होता. कोल्हापूरच्या ह्या दोघांपाशी तेवढे द्रव्य नव्हते आणि महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी यंत्रसामग्री मिळणे अधिकच दुष्कर झाले. तेव्हा त्यांनी जो निर्णय केला, तो एखाद्या भांडवलदारास किंवा पदवीधरास बहुधा सुचलाच नसता. जे विकत मिळत नाही ते आपण घरी घडवू, असे त्यांनी ठरविले.

हे काम किती अवघड होते, हे आपल्या वाचकांइतके चांगले कोणास समजणार? चित्रपटाच्या फितीच्या दोन्ही कडांस बारीक छिद्रे असतात आणि प्रत्येक चित्रास चार छिद्रांचा पल्ला असतो. यंत्राचा आकडा त्या छिद्रांत शिरून फीत खाली ओढतो, क्षणभर निश्चल ठेवतो, तेवढ्यात भिंगापुढील झडप उघडून मिटते आणि फीत पुन्हा पुढे सरकते. मूकपटाच्या काळी ही क्रिया एका सेकंदात सुमारे सोळा वेळा घडत असे आणि तीही हाताने दांडा फिरवून. प्रत्येक वेळी फीत नेमकी त्याच जागी थांबली पाहिजे. केसभर चूक झाली, तर पडद्यावर ती शेकडो पटींनी मोठी होऊन सारे चित्र थरथरू लागते. असे यंत्र केवळ पाहून, उमजून आणि स्वतः घडवून सिद्ध करावयाचे होते.

हे कार्य अर्ध्यावर असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांवर हा मोठाच आघात होता. नुसता भाऊ गेला नव्हता. ज्याच्या बुद्धीवर ह्या यंत्राची भिस्त होती, तो सहकारी गेला होता. अशा वेळी काम सोडून दिले असते, तरी कोणी दोष दिला नसता; पडदे रंगवून पोट भरतच होते. पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले ह्या आपल्या कसबी सहकाऱ्यास बरोबर घेऊन ते काम पुढे चालविले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा झाला. आपल्या देशात बनलेला पहिला चलच्चित्राचा कॅमेरा म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ही विद्या कोणा परदेशी कारखान्यात नव्हे, कोल्हापूरच्या कारागिराच्या हाती सिद्ध झाली, हे आपण आपल्या मुलांस अवश्य सांगितले पाहिजे.

कॅमेऱ्याच्या पाठोपाठ महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्या उभारणीत गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी आपला पैसा घातला आणि शाहू महाराजांचेही साहाय्य लाभले. ह्या कंपनीत जमलेल्या मंडळींकडे पाहिले, म्हणजे बाबूरावांच्या गुणग्राहकतेची कल्पना येते. विष्णुपंत दामले होते, फत्तेलाल होते, पुढे केशवराव धायबर आले आणि १९२० च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण आला, ज्यास जग पुढे व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागले. कोणाची जात निराळी, कोणाचा धर्म निराळा. बाबूरावांनी पाहिला तो हात आणि त्या हातामागील निष्ठा. कंपनीत हलके काम व मानाचे काम असा भेद नसे. पडेल ते काम करीतच प्रत्येकाने शिकावे, अशी रीत होती. गुरूने काही हातचे राखून ठेवले असे झाले नाही. आपल्या व्यवसायात कसबाची किल्ली घरच्या मुलालाच द्यावी, अशी रूढी अनेक ठिकाणी होती. बाबूरावांनी ती पाळली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री हा ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रकाशित झाला. विषय कीचकवधाचा. ह्याच विषयावरील कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे नाटक सरकारने १९१० साली बंद केले होते. तेव्हा सैरंध्रीची विटंबना आणि भीमाने घेतलेला सूड पडद्यावर पाहताना प्रेक्षकांच्या मनात काय उसळले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब साधले होते, की ते पाहून प्रेक्षक हादरले आणि पुढे सरकारी आक्षेपामुळे ते कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांस सुवर्णपदक देऊन गौरविले व सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्यांचे निधन झाले. ह्या चित्रपटात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. पडद्यावर येणाऱ्या स्त्रीस त्या काळी समाजात किती सोसावे लागे, हे वेगळे सांगावयास नको. अभिनेत्री कमलादेवी आणि सुशीलादेवी ह्यांच्या धैर्याचाही ह्या यशात वाटा आहे.

पुढील पाच-सात वर्षांत सुरेखाहरण, वत्सलाहरण, भगवद्‌भक्त दामाजी, सिंहगड, कल्याण खजिना, सती पद्मिनी असे एकाहून एक सरस मूकपट निघाले. १९२३ च्या सिंहगडात रात्रीच्या लढाईची दृश्ये विजेच्या प्रखर दिव्यांनी उजळून घेतली होती. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या त्या काळात हे मोठेच धाडस होते. त्याच चित्रपटात शिवछत्रपतींची भूमिका बाबूरावांनी स्वतः केली. कल्याण खजिन्यास १९२४ साली लंडनजवळील वेम्बली येथील प्रदर्शनात पदक मिळाले. चित्रपटाची जाहिरात कलापूर्ण असावी, म्हणून भित्तिचित्रे बाबूराव स्वतः रंगवीत आणि छायाचित्रांसह माहितीपुस्तिकाही काढीत.

परंतु आमच्या मते बाबूरावांची सर्वांत मोठी कामगिरी निराळीच आहे. ज्या मनुष्याने पडदे रंगवून नाव आणि पैसा मिळविला, त्यानेच चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार केला. आरंभीच्या चित्रपटांत नाटकाप्रमाणेच मागे पडदा सोडीत. बाबूरावांनी ओळखले, की कॅमेऱ्याचा डोळा नाट्यगृहातील प्रेक्षकाच्या डोळ्याहून चिकित्सक आहे. त्यास रंगविलेला खांब आणि खरा खांब ह्यांतील अंतर तत्काळ कळते. म्हणून त्यांनी खांब, कमानी, दालने व जिने प्रत्यक्ष उभे केले, पात्रांस त्यांतून वावरावयास लावले. चित्रण करण्यापूर्वी प्रत्येक दृश्याची व वेषभूषेची रेखाटने ते स्वतः करीत. आपल्याच हातखंड्याचा मोह टाकून नव्या कामास जे योग्य तेच करावयाचे, ही गोष्ट बोलण्यास सोपी असली, तरी करण्यास कठीण आहे. आपल्यापैकी कित्येकांनी बैलगाड्यांची चाके करणे सोडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधावयास घेतल्या. त्या पहिल्या दिवसाची घालमेल ज्याने अनुभवली, त्यास बाबूरावांचे मोल अधिक कळेल.

१९२५ साली त्यांनी सावकारी पाश काढला. नारायण हरी आपटे ह्यांची ही कथा. देवदेवतांचे चमत्कार आणि राजेरजवाड्यांचे पराक्रम पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांपुढे बाबूरावांनी एक कर्जबाजारी शेतकरी उभा केला. कर्जाच्या कागदापायी त्याची जमीन जाते आणि अखेर त्यास गाव सोडून शहरात गिरणीची वाट धरावी लागते. तो तरुण शेतकरी शांतारामांनी रंगविला. अंधारलेली एकाकी झोपडी आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे हे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात आयुष्यभर राहिले. मूकपटात आवाज नसतो. तरी ते रडणे ऐकू आल्याचा भास व्हावा, असे ते साधले होते. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ जाणकार ह्याच चित्रपटापासून धरतात. पण तिकीटखिडकीवर त्यास मोठे यश आले नाही. लोकांना आपले दुःख पडद्यावर पाहण्याची सवय नव्हती.

ह्या चित्रपटाविषयी आम्ही विशेष आस्थेने लिहितो, त्यास कारण आहे. जालना हे सोन्याचा पालना म्हणून गाजलेले व्यापाराचे गाव. पण त्या पालन्याची दोरी ओढणारा शेतकरी मात्र पुष्कळदा रिकाम्या हाताने घरी जात असे. अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद ह्या भागांतील आपल्या वाडवडिलांचे बलुते त्या शेतकऱ्याच्या खळ्यावर अवलंबून होते. त्याची तिफण, वखर व औत नीट करून द्यावयाचे आणि सुगीला आपला वाटा आणावयाचा, असा तो व्यवहार. शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे गेली, की सुताराचे व लोहाराचे बलुतेही तिच्याबरोबर जाई. त्याची नोंद मात्र कोणत्याही कागदावर होत नसे. आपली कित्येक घरे गाव सोडून जालन्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास आली, ती ह्याच वाटेने. तेव्हा १९२५ सालच्या त्या कोल्हापुरी चित्रपटात आपल्या घराण्यांचीही कथा होती, असे म्हटल्यास ते वावगे होऊ नये.

आता बाबूरावांच्या उत्तरायुष्याकडे वळू. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर ह्यांनी सीताराम कुलकर्णी ह्यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ज्यांस हाताला धरून शिकविले, ते सर्व मिळून निघून गेले. पुढे बाबूरावांनीही मतभेदांमुळे स्वतःच उभारलेली महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडली आणि अल्पावधीत ती बंद पडली. दोष कोणाचा ह्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मोठ्या वृक्षाखाली वाढलेल्या रोपांस कधी तरी मोकळे आकाश हवेसे वाटते, हेही खरे. आणि वृक्षास त्या दिवशी काय वाटले असेल, हेही खरे. प्रभातने पुढे इतिहास घडविला. दामले-फत्तेलाल ह्यांच्या १९३६ च्या संत तुकारामाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. ह्या यशाचे मूळ शोधीत गेले, म्हणजे वाट बाबूरावांच्या दाराशी येऊन थांबते.

१९३१ साली बोलपट आला आणि चित्रसृष्टी पालटली. बाबूरावांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी उषा, १९३६ साली बोलका सावकारी पाश आणि १९३७ साली प्रतिभा हे चित्रपट दिग्दर्शित केले. एका दशकानंतर तीच कर्जाची कथा त्यांनी पुन्हा हाती घेतली, ह्यावरून त्या विषयाने त्यांस किती पछाडले होते हे दिसते. पण ज्यांची सारी प्रतिभा डोळ्यांत होती, त्या बाबूरावांस शब्दांनी भरलेली ही नवी सृष्टी पूर्वीइतकी मानवली नाही. १९४७ च्या लोकशाहीर रामजोशी ह्या चित्रपटाचे दिग्दर्शन शांतारामांच्या संस्थेत त्यांच्याकडे आले. मात्र तो पूर्ण केला शांतारामांनी आणि गुरू-शिष्य अशी दोघांची नावे त्यावर लागली. एकेकाळी ज्याच्या हाती पडेल ते काम दिले, त्याच्याच चित्रशाळेत वृद्ध गुरूने यावे, ह्यात मान होता की व्यथा होती? आम्हांस वाटते, दोन्ही असावीत. ह्या सर्व काळात चित्रकला व शिल्पकला ह्या जुन्या सख्या मात्र त्यांच्यापाशी राहिल्या. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.

आज त्यांच्या जन्मगावी कॅमेऱ्याच्या आकाराचे स्मारक उभे आहे. परंतु त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. सैरंध्री नाही, सिंहगड नाही, शांतारामांनी शेतकरी रंगविलेला तो पहिला सावकारी पाशही नाही. त्या काळची फीत झटकन पेट घेणारी आणि काळाच्या ओघात विरून जाणारी असे. आणि जुनी फीत जपून ठेवावी, असे त्या वेळी फारच थोड्यांस वाटले. जे लोकांनी डोळे भरून पाहिले, ते आपण केवळ वाचून जाणतो. एवढ्या थोर पुरुषाच्या कृतीची ही गत झाली, तर आपल्या आजोबांच्या पेटीची कथा काय!

म्हणून त्या बैठकीत जे बोललो नाही, ते येथे लिहितो. मुलांनी शिकावे, नोकरी करावी, मोठे व्हावे. जुन्या धंद्यास त्यांस बांधून ठेवा असे आम्ही म्हणत नाही. स्वतः बाबूरावही वडिलांच्या धंद्यात थांबले नाहीत. पण त्यांनी वडिलांचा हात टाकला नाही. तोच हात त्यांनी आधी पडद्यास, मग कॅमेऱ्यास आणि अखेर चित्रपटास लावला. हाताने काम करण्याची ज्यास लाज वाटली, त्यास कॅमेरा घडविता आला नसता. आपल्या घरातील एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढीत असेल, मोडलेला पंखा उघडून बसत असेल, तर त्यास दटावण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.

आणखी एक. बाबूरावांविषयी आपणांस अभिमान वाटणे साहजिक आहे. पण तो अभिमान आपल्या कुंपणापुरता ठेवू नये. त्यांच्यामागे एक राजा होता, एक गायिका होती, दामले होते, फत्तेलाल होते. त्यांनी विद्या वाटली आणि ती वाटल्यामुळेच आज त्यांचे नाव उरले आहे. चित्रपट नष्ट झाले, कंपनी नष्ट झाली. शिष्यांच्या हातांत गेलेले कसब तेवढे टिकले.

ज्यांच्या घरी जुनी हत्यारे, कामाची छायाचित्रे अथवा हिशेबाच्या वह्या असतील, त्यांनी त्या जपाव्यात आणि येत्या वार्षिक संमेलनात मांडण्यास द्याव्यात. दसऱ्यास त्या हत्यारांस हळदकुंकू वाहताना कोल्हापूरच्या त्या मिस्त्रींच्या मुलाचे स्मरण करावे. त्या कलामहर्षीस आमचे विनम्र अभिवादन.